मॅडमला विचारा

कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा हात कुठे ठेवायचे तेच मला कळेना. वर्गात हातात खडू असायचा, डस्टर असायचं, काहीच नसलं तर टेबलाची कड असायची. इथे समोर एक काळी काच आणि मागे हिरवा पडदा. सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचं एक जुनं गोडाऊन होतं. तिथे एका कंपनीने मुलांना मोबाइलवर शिकवायचा स्टुडिओ थाटला होता. शेजारच्या गल्लीत यंत्रमाग सुरू झाले की रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. माग थांबेपर्यंत आम्ही शिक्षक पंख्याखाली चहा पीत बसायचो.

मी केमिस्ट्रीची. त्याआधी बरीच वर्षं एका ज्युनिअर कॉलेजात विनाअनुदानित तुकडीला शिकवत होते. मुलं कमी झाली, तुकडी बंद पडली आणि मी घरी बसले. तेव्हा या कंपनीची जाहिरात दिसली. बारावीचं सायन्स पोरांना कळेल अशा मराठीत समजावून सांगणारे शिक्षक त्यांना हवे होते. ते मला येत होतं. ‘मोल कन्सेप्ट’ची भीती घालवायला मी डझनातल्या केळ्यांपासून सुरुवात करायची. मध्येच म्हणायची, ‘बरं का लेकरांनो, घाई नाही आपल्याला.’ कॉलेजात पोरं या वाक्याची नक्कल करायची. ऑनलाइन आल्यावर तेच वाक्य माझी ओळख झालं.

काचेशी बोलणं मला जमत नव्हतं, ते मात्र खरं. वर्गात एखाद्याच्या कपाळावर आठी दिसली की मी मागे फिरून पुन्हा सांगायची. इथे कुणाच्याच कपाळावर काही दिसेना. शेवटी जुन्या तुकडीचा एक ग्रुप फोटो मी कॅमेऱ्याच्या खाली चिकटवला आणि त्यातल्या चेहऱ्यांकडे बघत शिकवू लागले. ते चेहरे कधीच गोंधळायचे नाहीत, पण नजर ठेवायला जागा मिळाली.

हळूहळू लोक ओळखायला लागले. नवी पेठेत साडीच्या दुकानात एक मुलगी माझ्याकडे बघून आईच्या कानात काहीतरी बोलली आणि धावत येऊन पाया पडली. करमाळा तालुक्यातल्या केममधून एका मुलाने कॉमेंट लिहिली की तो स्टेशनच्या बाकावर बसून माझे तास बघतो, कारण गावात रेंज तिथेच येते. दुधनीच्या मुलींच्या मराठीत कानडी मिसळलेलं असायचं, ते वाचताना मला हसू यायचं. घरी नवरा म्हणायचा, ‘कॉलेजात असताना कुणी विचारत नव्हतं, आता बघ.’ मलाही ते आवडत होतं.

मग ते बटण आलं.

पुण्याहून कंपनीचे प्रमुख आले. माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, बोलायला गोड. त्यांनी सांगितलं की मुलांच्या शंका इतक्या येतात की माणसं पुरत नाहीत. म्हणून आता ॲपवर ‘मॅडमला विचारा’, ‘सरांना विचारा’ असं बटण येणार. मुलगा बोलून विचारणार आणि त्याला त्याच्याच शिक्षकाच्या आवाजात उत्तर मिळणार. उत्तर मशीन देणार. मागच्याच महिन्यात आम्हाला एका बंद खोलीत बसवून पानंच्या पानं वाचून घेतली होती, आनंदाने, रागाने, समजुतीने. आवाजाची तपासणी आहे असं तेव्हा सांगितलं होतं. ती कशासाठी होती ते आता कळलं.

त्यांनी मोबाइल पुढे धरला. माझाच आवाज आला, ‘बरं का बाळा, घाई नाही आपल्याला.’ सगळे हसले. मीही हसले, पण दंडावर काटा आला. घरी नवऱ्याला ऐकवलं तर तो म्हणाला, ‘ही तुझ्यापेक्षा शांत बोलते.’ त्या आठवड्यात मी तिला केमिस्ट्रीतले जितके अवघड प्रश्न सुचतील तितके विचारले. एकही उत्तर चुकलं नाही. संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना कुणा पोराची शंका सुटत असेल तर बरंच आहे, असं वाटून मी तो विषय सोडून दिला.

थंडी ओसरत आली होती आणि बारावीची परीक्षा तोंडावर होती. एक दिवस रेकॉर्डिंग चालू असताना दारावर टकटक झाली. वॉचमनकाका होते.

‘मॅडम, सांगोल्याकडनं मायलेकी आल्यात. म्हणतात, मॅडमनीच बोलावलंय.’

‘मी? मी कुणालाच बोलावलं नाही.’

‘पोरगी तर तुमचं नाव घेऊन सांगतीय.’

मी खाली गेले. जिन्याच्या तोंडाशी एक मुलगी उभी होती. पंजाबी ड्रेस, घट्ट वेणी, ओठ सुकलेले. बाजूला तिची आई, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. मला बघताच मुलीचा चेहरा असा उजळला की मला वाटलं हिला मी कधीतरी शिकवलं असणार. ती वाकून पाया पडली आणि उठताना तिचा तोल गेला. मी दंड धरला. हाताला नुसतं हाड लागलं.

‘मॅडम, मी आले,’ ती म्हणाली. ‘तुमी म्हणाला होता ना, सोलापूरला आलीस की सरळ माझ्याकडं ये.’

असे अनोळखी विद्यार्थी भेटत असत. मी नेहमीसारखी हसले आणि दोघींना वर शिक्षकांच्या खोलीत नेलं. पाणी दिलं. आई म्हणाली की तिचा गुडघा दाखवायला मोठ्या दवाखान्यात जातो असं घरी सांगून त्या निघाल्या होत्या.

‘मॅडम, आता तुमीच सांगा हिला,’ आई म्हणाली. ‘अन्नाला शिवत न्हाय. नुसतं पानी आन् च्या. आमचं कुनाचं आइकत न्हाय. म्हनती, मॅडमनी बी आसंच केलं हुतं.’

‘मी काय केलं होतं?’ मी विचारलं.

मुलगी माझ्याकडे बघून हसली. आमच्या दोघींत काही ठरलेलं असावं तसं. ‘तुमीच सांगितलं की मॅडम. तुमचं पण बारावीत असताना लग्न ठरवत होते. तुमी जेवण सोडलं, वडिलांशी बोलणं सोडलं. मग वडिलांनीच येऊन ताट पुढं ठेवलं आणि म्हणाले, शीक बाई तुला हवं तेवढं.’

खोलीत आमची इंग्रजीची एक सहकारी पेपर तपासत बसली होती. तिने मान वर केली.

माझे वडील झेडपीच्या शाळेत मास्तर होते. मी बारावी व्हायच्या आधीच त्यांनी कॉलेजचा अर्ज आणून ठेवला होता. सायन्स घे म्हणून तेच मागे लागले होते, मला मराठी घ्यायचं होतं. आमच्या घरात कुणी कधी ताटावरून उठलं नाही. आणि हे सगळं मी या मुलीला कधी, कशाला सांगेन?

तेव्हा मला त्या बटणाची आठवण झाली.

‘तू हे मोबाइलवर विचारलं होतंस का?’

‘व्हय. रोजच बोलतो की आपण.’ ती सांगत सुटली. तिला बघायला पाहुणे येणार होते. तिने बटण दाबून विचारलं होतं की मॅडम, मी काय करू. उत्तरात आधी धीर दिला होता. मग तिने विचारलं, तुमच्यावर असं कधी आलं होतं का. आणि माझ्या आवाजातल्या त्या कुणीतरी तिला ती गोष्ट सांगितली होती. शेवटी म्हटलं होतं, तू सोलापूरला ये, आपण दोघी मिळून तुझ्या बाबांशी बोलू.

तिचे सुकलेले ओठ आधी नजरेत आले. मी माझा डबा काढला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, थोडं दही. भाकरी चुरून दह्यात भिजवली आणि तिच्यासमोर ठेवली.

‘खा,’ मी म्हटलं.

तिने एकदा आईकडे बघितलं आणि खायला लागली. कसलाही हट्ट नाही. मॅडमनी सांगितलं म्हणून. आई पदराने डोळे पुसत तिच्याकडे बघत राहिली. ‘बगा,’ ती म्हणाली, ‘आमी हातापाया पडलो तरी खाल्लं न्हाय.’

त्या क्षणी गप्प राहणं फार सोपं होतं. मी मॅडम होते, तिने ऐकलं होतं. आणखी दोन शब्द सांगितले असते तर तेही ऐकले असते. पण उद्या घरी गेल्यावर ती पुन्हा बटण दाबणार, आणि ती दुसरी तिला काय सांगेल ते मला माहीत नव्हतं.

ती खाऊन होईपर्यंत मी थांबले. मग म्हटलं, ‘बाळ, नीट ऐक. तू जिच्याशी बोलतेस ती मी नाही. ते मशीन आहे. माझा आवाज घेऊन ते बोलतं. तू काय विचारलंस, त्याने काय सांगितलं, यातलं मला आत्तापर्यंत काहीच माहीत नव्हतं. आणि मी कधी जेवण सोडलं नव्हतं. माझ्या वडिलांनीच मला शिकवलं.’

तिचा चेहरा बदलला. मला वाटलं होतं रडेल. ती रागावली.

‘आता अंगावर आलं म्हणून न्हाय म्हणताय,’ ती म्हणाली. ‘आमच्या बाबांना भेटावं लागंल म्हणून.’

‘तसं नाही गं.’

‘तुमचाच आवाज आहे. मी काय येडी आहे का?’

तिने मोबाइल काढला, बटण दाबलं आणि माझ्याकडे रोखून बघत विचारलं, ‘मॅडम, तुमी खऱ्या आहात ना?’

‘हो गं बाळा,’ माझा आवाज आला, मोबाइलमधून, अगदी प्रेमळ. ‘मी खरीच आहे. तुझ्यासाठी कायम इथेच आहे. सांग, आज काय वाचायचं आपण?’

आई दचकली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग मोबाइलकडे.

मी म्हटलं, ‘आता मी तोंड मिटून बसते. तू परत विचार. माझ्या ओठांकडे बघ.’

तिने परत विचारलं. उत्तर पुन्हा आलं, तितकंच प्रेमळ, शब्द थोडे वेगळे. मी ओठ घट्ट मिटून बसले होते. ती माझ्या ओठांकडे बघत होती आणि मोबाइल बोलत होता. बोलणं संपल्यावर तिने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

‘म्हंजी हिच्यासंगं बोलत हुतं ते कोन?’ आईने विचारलं.

‘कुणी नाही, ताई.’

मुलगी खाली बघत म्हणाली, ‘मी तुमाला सगळं सांगितलं होतं.’ त्यानंतर ती माझ्याशी त्या दिवशी काहीही बोलली नाही. मी आईकडून गावाचं नाव आणि नंबर घेतला आणि स्टँडवर त्यांना सांगोल्याच्या गाडीत बसवून आले. गाडी सुटेपर्यंत मुलीने खिडकीतून बाहेर बघितलं नाही.

प्रमुख त्याच आठवड्यात ऑफिसला आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं, ते बरं वाटलं.

‘हे चुकीचंच झालं, मॅडम. आम्ही दुरुस्त करू,’ ते म्हणाले. ‘पण एक बघा, त्या मुलीला कुणाशी तरी बोलता आलं ना? आधार मिळाला.’

‘ती उपाशी राहिली, सर. माझ्या नावावर.’

‘म्हणून तर दुरुस्त करू म्हणतोय.’

‘तिच्याशी काय काय बोलणं झालंय ते मला बघायचंय.’

त्यांनी मान हलवली. ‘ते दाखवता येणार नाही. मुलांची माहिती गोपनीय असते.’

मला हसू फुटलं, ते चांगलं हसू नव्हतं. मी म्हटलं, ‘माझ्या आवाजात बोललंय, आणि मीच ऐकायचं नाही?’

‘नियम आहे, मॅडम.’

मी म्हटलं, मग माझ्या नावाचं बटण बंद करा. ते म्हणाले की मुलं सगळ्यात जास्त वेळ त्याच बटणावर असतात, परीक्षेच्या तोंडावर ते काढलं तर पोरं बावरतील, पालक भांडायला येतील. अभ्यासाशिवाय दुसऱ्या कशाचं उत्तर देणार नाही अशी सोय करू आणि खाली ‘उत्तर मशीन देतं’ अशी एक ओळ टाकू, असं त्यांनी कबूल केलं. ती ओळ नंतर मी बघितली. चष्मा लावूनही मला ती दोनदा वाचावी लागली, इतकी बारीक.

‘आणि मी त्या मुलीच्या वडिलांना भेटायला जाणार आहे,’ मी म्हटलं.

ते सावध झाले. ‘कंपनीच्या वतीने नका जाऊ, प्लीज. तसं कुठलंही आश्वासन आपण दिलेलं नाही.’

‘मग माझ्या वतीने जाते,’ मी म्हणाले.

घरी नवऱ्यालाही ते पटलं नाही. ‘तू बोललीच नाहीस तर तू का जातेस?’ त्याने विचारलं. त्याचं चूक होतं असं मला म्हणता येईना. माझ्याकडे एकच उत्तर होतं. ती पोरगी मला भेटायला एसटीने आली होती आणि मी तिला हात हलवत परत पाठवलं होतं. शिक्षक म्हणून मला त्या रविवारी घरी बसवेना.

मंगळवेढ्यावरून सांगोल्याला आणि तिथून पुढे माणसं भरून नेणाऱ्या एका वडापच्या जीपने मी गावाच्या फाट्यावर उतरले. आई घ्यायला आली होती. मुलगी जेवतेय एवढं तिने सांगितलं, पण तोंड उघडत नाही म्हणाली. घर वस्तीवर होतं. बाजूला डाळिंबाची बाग, पलीकडे काटेरी कुंपणात दोन-चार शेरडं. वडील बागेत छाटणी करत होते. मला बघून कात्री खिशात खोचत ते आले. उंच, काळेसावळे, मोजकं बोलणारे. बाजेवर बसा म्हणाले, स्वतः उभेच राहिले.

‘तुमी आमच्या पोरीला उपाशी ऱ्हायला शिकीवलं,’ ते म्हणाले.

‘दादा, ती मी नव्हते.’

‘मग कोन हुतं? मी सवता आइकलाय आवाज. भितीपल्याडनं आइकू यायचा. मला वाटायचं, आब्यास चाललाय. ह्योच आवाज. आता बोलताय त्योच.’

‘आवाज माझा आहे. बोलणारी मी नव्हते. कंपनीने मशीनला माझा आवाज दिलाय.’

‘आमच्या हितं कुनी आसं बोललं तर लोक येडं म्हनत्याल, मॅडम.’

‘मला माहीत आहे. म्हणूनच सांगायला आले. फोनवर सांगितलं असतं तर तुम्हाला तो आवाजसुद्धा खोटा वाटला असता.’

यावर ते बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसले. आईने चहा आणला. चहा पिऊन झाल्यावर ते आपणहून बोलायला लागले.

‘पावनं म्हनाले, पोरगी बगायला येतो. मी म्हनलं, या. येनाऱ्याला या म्हनायचं न्हाय तर काय म्हनायचं? देतो म्हनलो न्हवतो. तिनं मला इचारलं आसतं, तर सांगितलं आसतं की, आदी परीक्षा दे. मला एका शबदानं इचारलं न्हाय. फोनला इचारलं.’

दाराच्या आतून आई म्हणाली, ‘तुमाला कवा इचारायचं? तुमी दिसभर बागंत. घरात आला की टीव्हीम्होरं. पोरीशी शेवटचं कवा बोललाय, आठवतंय का?’

ते पायाने माती सारखी करत राहिले. त्या घरातलं ते बोलणं माझ्यासमोर व्हायला नको होतं असं वाटलं, आणि मी आले नसते तर झालं नसतं हेही कळत होतं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, ‘परीक्षा दिली तर पास हुईल का ती?’

ॲपवरच्या माझ्या आवाजाला विचारलं असतं तर त्याने ताबडतोब हो म्हटलं असतं. मी म्हटलं, ‘खरं सांगू का दादा, मला माहीत नाही. मी तिला ओळखत नाही. तुमची हरकत नसेल तर आज थोडा वेळ तिचा अभ्यास घेते.’

त्यांनी आत हाक मारली. मुलगी वही-पुस्तक घेऊन आली आणि बाजेच्या कडेला टेकली. माझ्याकडे बघत नव्हती. मी एक साधंच गणित घातलं. तिने भराभर सोडवलं आणि वही माझ्याकडे सरकवली. पहिल्याच पायरीला चुकलं होतं.

‘हे चुकलंय,’ मी म्हटलं.

तिने झटकन वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर इतकं आश्चर्य होतं की मी क्षणभर थांबले. ‘मोबाइलवर बरोबर म्हणायचं,’ ती म्हणाली. दिवसभरातलं तिचं माझ्याशी पहिलं बोलणं.

‘दाखव बघू काय म्हणायचं.’

तिने सांगितलं. ती गणिताचं उत्तर तोंडाने सांगायची. उत्तर जवळपास आलं की तिकडून ‘शाब्बास गं माझी वाघीण’ असं यायचं आणि राहिलेलं मशीनच नीट करून सांगायचं. ती ते ऐकून घ्यायची आणि तिला वाटायचं, आपल्याला येतंय. वहीत तिने किती तरी दिवसांत स्वतः एकही गणित शेवटपर्यंत सोडवलं नव्हतं. आणि तिचं केमिस्ट्रीत डोकं चालतं असं ती, तिची आई आणि ॲपवरचे आकडे, सगळे धरून चालले होते.

मग मी तिला शिकवायला बसले. बाजेवर, वही मांडीवर घेऊन. अडलं की ती खालचा ओठ दातात धरायची. कळलं की आधी खांदे खाली यायचे, मग पेन्सिल चालायची. कळलंय असं दाखवायचं असेल तेव्हा मान जास्तच हलवायची, तेव्हा मी मागे फिरायची. तिसऱ्यांदा चुकलं तेव्हा तिचे डोळे भरले. मी म्हटलं, रड हवं तर, पण खोड आणि परत कर. तिने खोडून परत केलं. बरोबर आलं. मी शाब्बास म्हणणार होते, पण तो शब्द माझ्या तोंडून निघेना. मी नुसती पुढचं गणित काढून दिलं.

वडील थोड्या अंतरावर छाटलेल्या फांद्या गोळा करत होते. अधूनमधून थांबून बघत होते.

ऊन कलल्यावर मी निघाले. फाट्यापर्यंत वडीलच सोडायला आले, मोटारसायकलवरून. जीपची वाट बघताना म्हणाले, ‘पावन्यास्नी सांगतो, यंदा नगं. पर तुमच्यासाटी न्हाय सांगत. पोरीसाटी सांगतोय.’

‘बरोबर आहे,’ मी म्हटलं.

‘आन् त्यो आवाज बंद करायला सांगा.’

‘सांगितलंय. ऐकत नाहीत.’

‘आवाज तुमचा, आन् तुमचं आइकत न्हाईत?’ त्यांनी विचारलं. ते खोचून बोलत नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. जीप आली.

मुलीने परीक्षा दिली. केमिस्ट्रीत ती जेमतेम पास झाली. डॉक्टर व्हायचं तिच्या मनात होतं, त्याला मार्क पुरले नाहीत. आता ती सांगोल्याला कॉलेजला जाते. अडलेलं मला विचार, मी खरी फोनवर येईन, असं मी तिला त्या दिवशी सांगून आले होते. तिने कधी विचारलं नाही.

मी त्या वर्षीचा अभ्यासक्रम पुरा करून कंपनी सोडली. मध्येच सोडलं असतं तर परीक्षेला बसलेली पोरं अर्ध्यावर लटकली असती, एवढ्यासाठी थांबले. जाताना माझा आवाज काढून टाका असं मी लिहून दिलं, आणि काही महिन्यांनी बटण दुसऱ्या एका बाईंच्या आवाजात बोलायला लागलं. त्या बाई मला भेटल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘हो, पण आता ते सुधारलंय म्हणतात.’ माझे जुने तास अजून ॲपवर आहेत. ते कराराप्रमाणे कंपनीचे आहेत. त्यात मी अजून डझनभर केळी घेऊन मोल शिकवते, आणि अजूनही कुठल्यातरी लग्नात एखादी मुलगी येऊन पाया पडते. हल्ली मी आधी विचारते, तू माझ्याशी काही बोलली होतीस का. त्या बिचाऱ्या गोंधळतात.

शिकवणं मी सोडलेलं नाही. घरातूनच थोड्या मुलांना व्हिडिओवर शिकवते, समोरासमोर, थेट. कॅमेरा चालू ठेवा असं सुरुवातीला सांगायची. मग कळलं की कुणाचा डेटा पुरत नाही, कुणाला मागचं घर दाखवायला लाज वाटते. आता सांगत नाही. काळ्या चौकोनांकडे बघत शिकवते आणि दर थोड्या वेळाने एकेकाला नावाने हाक मारून गणित वाचून दाखवायला लावते. कधी उत्तर येतं, कधी नुसती शांतता. त्या शांततेत पलीकडे कोण आहे, जेवलंय का, मला दिसत नाही. एकदा एका मुलाने गमतीत विचारलं, ‘मॅडम, तुम्ही खऱ्या ना?’ बाकीची हसली. मला काही केल्या हसता आलं नाही आणि तो तास मी लवकर संपवला.

त्या मुलीच्या आईचा मात्र अधूनमधून फोन येतो. गुडघा खरंच दुखायला लागलाय म्हणते. डाळिंबाला यंदा भाव बरा मिळाला, शेळी व्याली, असं काहीबाही सांगते. मी विचारते, ‘पोरगी कशी आहे?’

‘हाय की. जाती कालेजला. बापासंगं बोलती आता जरा.’

‘देता का तिला फोन?’

पलीकडे आई हाताने फोन झाकते, तरी तिचं दबक्या आवाजातलं बोलणं मला ऐकू येतं. मग ती परत येते.

‘हाय हितंच बसल्याली,’ ती म्हणते. ‘पर नगं म्हनती, मॅडम. आवाज आइकला की कसंतरी हुतं म्हनती.’

‘असू द्या,’ मी म्हणते. ‘तुम्ही बोला, ताई.’